व्हिएन्ना आणि व्हेनिसच्या मधल्या तीन रात्री : ल्युब्लियाना, दोघांसाठी

व्हिएन्नाला उतरायचं आणि व्हेनिसहून परतीचं विमान धरायचं एवढं पक्कं होतं. व्हिएन्नाला चार रात्री, व्हेनिसला तीन, आणि मधे तीन रात्री रिकाम्या. या तीन रात्रींत कुठलं शहर घालायचं यावर मी आणि नवरा जवळजवळ महिनाभर रोज रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवर नकाशा उघडून बसायचो. लग्नाला वीस वर्षं झाली आणि मुलं, सासू-सासरे, मित्रमंडळी कुणीच बरोबर नाही अशी ही आमची पहिलीच ट्रिप, त्यामुळे ते तीन दिवस वाया जाऊ नयेत असं दोघांनाही मनापासून वाटत होतं.

शेवटी ल्युब्लियाना घेतलं, म्हणजे स्लोव्हेनियाची राजधानी. आणि आता परत आल्यावर सांगते, अख्ख्या ट्रिपमधे आम्हाला सगळ्यात जास्त आवडलेलं शहर तेच. पाचपैकी साडेचार देईन. अर्धा का कापला तेही सांगते, पण आधी तिथपर्यंत कसे पोचलो ते सांगायला हवं, कारण मधलं शहर निवडताना आम्ही सुरुवातीला जी चूक करत होतो ती बरेच जण करतात असं मला वाटतं.

चूक अशी की आम्ही फोटो बघून शहरं निवडत होतो. नवऱ्याच्या लिस्टमधे प्राग सगळ्यात वर, माझ्या लिस्टमधे हालश्टाट, मग साल्झबुर्ग, ब्रातिस्लाव्हा, व्हेरोना, त्रिएस्ते, ग्राझ, सगळंच हवं. मग एका रात्री नवऱ्याने कागद घेतला आणि म्हणाला, "अगं, शहरं नको मोजू, तास मोज." तिथून सगळं सोपं झालं. शहर बदलायचं म्हणजे नुसते ट्रेनचे तास नसतात, सकाळी बॅगा भरायच्या, अकराच्या आत चेकआऊट, स्टेशन, प्रवास, मग नवीन शहरात खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही, तोवर बॅगा कुठे ठेवायच्या ते बघा. म्हणजे जवळचं शहर असलं तरी अर्धा दिवस जातोच, आणि लांबचं असलं तर अख्खा. तीन रात्री म्हणजे खरे मोकळे दिवस फक्त दोन. हे कागदावर लिहिल्यावर प्राग लगेच गेलं, कारण ते व्हिएन्नाहून ट्रेनने चार तास पण बरोब्बर उलट्या दिशेला, आणि तिथून व्हेनिसला जायला परत विमानच. प्रागला एकदा वेगळंच जायचं असं ठरवून नवऱ्याने ते स्वतःच खोडलं.

ब्रातिस्लाव्हा सुंदर आहे असं सगळे सांगतात, पण ते व्हिएन्नाहून ट्रेनने साधारण तासाभरावर, तिथे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, त्यासाठी वेगळं हॉटेल कशाला. तसंच व्हेरोना, ते व्हेनिसहून फास्ट ट्रेनने सव्वा तासाच्या आसपास, तेही डे ट्रिप. आणि ज्युलिएटची जी बाल्कनी बघायला तिथे जोडपी गर्दी करतात ती बाल्कनी त्या घराला विसाव्या शतकात बसवलेली आहे, हे कळल्यावर माझा तरी इंटरेस्ट थोडा कमीच झाला. त्रिएस्ते चांगलं होतं पण त्याच्यानंतर लगेच व्हेनिस, म्हणजे परत समुद्र आणि परत इटली.

हालश्टाटसाठी मी खूप भांडले. तळ्याकाठचं ते गाव, मागे डोंगर, ते फोटो डोक्यातून जातच नव्हते. पण त्या गावात कायमचे राहणारे लोक आठशेच्याही आत आहेत आणि सीझनमधे दिवसाला हजारोंनी टुरिस्ट येतात, २०२३ मधे तर तिथल्या लोकांनी या गर्दीविरुद्ध निदर्शनं केली होती. आपण जाऊन त्यांच्या त्रासात भर घालायची हे मला पटेना. साल्झबुर्ग मात्र शेवटपर्यंत शर्यतीत होतं. व्हिएन्नाहून अडीच तास, ट्रेन थोड्या थोड्या वेळाने आहेत, मोझार्टचं जन्मघर, किल्ला, सगळं चालत. ज्यांना पर्वत आणि संगीत दोन्ही हवंय त्यांनी ते डोळे मिटून घ्यावं, फक्त जुलैच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत तिथे मोठा संगीत महोत्सव असतो तेव्हा खोल्यांचे भाव फार चढतात. आम्ही नाही घेतलं कारण व्हिएन्नात चार दिवस राजवाडे, चर्च आणि मोझार्टच बघणार होतो, पुन्हा तेच पुढचे तीन दिवस नको वाटलं. मधलं शहर हे दोन्ही बाजूंच्या शहरांपेक्षा वेगळ्या चवीचं असावं. व्हिएन्ना भव्य, व्हेनिस गर्दीचं, तर मधे काहीतरी छोटं, शांत, जिथे "हे बघितलंच पाहिजे" अशी यादी नसेल असं हवं होतं.

मग नकाशावर व्हिएन्ना ते व्हेनिस अशी बोटाने रेघ मारली तर ग्राझ, मारिबोर आणि ल्युब्लियाना त्या वाटेवरच येतात. उलटं फिरणं नाही, विमान नाही, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि इटली या तिन्ही देशांत युरोच चालतो (स्लोव्हेनियाने २००७ मधे घेतला), त्यामुळे पैसे बदलायची भानगड नाही, आणि तिन्ही शेंगेनमधे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, त्यामुळे सिंगल एंट्री व्हिसावर काम झालं.

व्हिसाचं इथेच सांगून टाकते कारण हे लोक विसरतात. शेंगेनचा अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त राहणार त्या देशाकडे करायचा असतो, आणि मुक्काम सारखाच असेल तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. आमच्या चार रात्री ऑस्ट्रियात होत्या म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. पण समजा मधल्या शहराच्या मोहात पडून व्हिएन्नाची एक रात्र काढून स्लोव्हेनियाला दिली असती तर तिथे चार झाल्या असत्या आणि अर्जच दुसऱ्या देशाकडे करावा लागला असता. म्हणून एक्स्ट्रा शहर आधी ठरवा, रात्री मोजा, मग अपॉइंटमेंट घ्या.

आता प्रवास. व्हिएन्नाहून ल्युब्लियानाला डायरेक्ट ट्रेन साधारण सहा तास घेते. सहा तास ऐकून मला वाटलं होतं दिवस गेला. पण ही ट्रेन सेमरिंगच्या घाटातून जाते, १८४८ ते १८५४ मधे बांधलेली लाईन, कार्ल फॉन गेगा नावाच्या इंजिनियरने केलेली, आणि त्या वेळी डोंगर चढू शकेल असं इंजिनसुद्धा धड तयार नव्हतं, लाईन आधी आखली आणि तिच्यासाठी इंजिन नंतर शोधलं. १४ बोगदे, १६ मोठे दगडी पूल, त्यातले काही चक्क दुमजली, गाडी वळण घेते तेव्हा आपणच ज्या पुलावरून आलो तो मागे दिसतो. १९९८ पासून हे वर्ल्ड हेरिटेज आहे. नवरा खिडकीला नाक लावून बसला होता, खरंच, लहान मुलासारखा, आणि मी त्याला असं शेवटचं कधी बघितलं होतं ते आठवेना. खाली मोठा बोगदा खणायचं काम चालू आहे, तो झाला की फास्ट गाड्या त्यातून जाणार, तेव्हा हा घाट बघायचा असेल तर लवकर जा. ग्राझनंतर सपाट होतं, मारिबोरनंतर टेकड्या, आणि झिदानी मोस्त स्टेशनपासून पुढे सावा नदी खिडकीला चिकटूनच येते, हिरवं पाणी, अरुंद दरी, हा शेवटचा तासही झोपून घालवू नका. खायला मात्र बरोबर घ्या, आम्ही व्हिएन्नाच्या स्टेशनातल्या बेकरीतून ब्रेड, चीज, सफरचंदं घेतली होती, ती पुरली.

गुरुवारी संध्याकाळी पोचलो. पहिली गोष्ट सांगायची तर शहर खूप छोटं आहे, लोकसंख्या तीन लाखाच्या आसपास, आणि जुना भाग तर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला वीस मिनिटांत चालून होतो. २००७ पासून मधल्या भागात गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करत नेल्यात, आता तिथे फक्त पायी आणि सायकलवाले. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी छोट्या इलेक्ट्रिक गाड्या फिरतात, हात करून थांबवायची, फुकट. २०१६ मधे युरोपची ग्रीन कॅपिटल होती. हे सगळं वाचलेलं होतं पण प्रत्यक्ष गेल्यावर कळतं ते वेगळंच, कळतो तो आवाज. म्हणजे आवाज नसणं. नदीच्या दोन्ही काठांवर कॅफे, शंभर-दोनशे माणसं बसलेली, आणि ऐकू काय येतं तर कप-बशा आणि बोलणं. पहिल्याच संध्याकाळी आम्ही ल्युब्लियानित्सा नदीच्या काठी बसलो ते दोन तास उठलोच नाही. व्हिएन्नात चार दिवस आम्ही एकमेकांशी बोलत होतो ते सगळं "आता कुठली ट्राम", "तिकीट कुणाकडे आहे" असं, इथे बसल्यावर पहिल्यांदा बाकीचं बोलणं सुरू झालं. साडेचारमधले दोन मार्क तर मी त्या संध्याकाळचेच देते.

या शहराला आजचं रूप एका माणसाने दिलंय म्हटलं तरी चालेल, योझे प्लेचनिक, आर्किटेक्ट, १८७२ ते १९५७. व्हिएन्नाला ओट्टो वागनरकडे शिकला, व्हिएन्नातच स्टेफान्स कॅथेड्रलपासून चालत काही मिनिटांवर त्याने बांधलेली त्साखर्लहाऊस नावाची गडद दगडाची बिल्डिंग आहे, आम्ही ती निघायच्या आदल्या दिवशी मुद्दाम बघितली आणि मग ल्युब्लियानाला त्याचंच बाकीचं काम बघितलं. तुम्ही पण या रूटने गेलात तर असं करा, दोन शहरं एकमेकांना जोडली जातात. त्याचा सगळ्यात प्रसिद्ध पूल म्हणजे त्रोमोस्तोव्ये, तिहेरी पूल. १८४२ चा जुना दगडी पूल गर्दीला पुरेना, तर याने तो पाडला नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना थोडे तिरके असे पायी जाणाऱ्यांसाठी दोन पूल घातले, १९३२ पर्यंत झाले. ऐकायला साधं वाटतं, पण तिथे उभं राहिल्यावर तीन वाटा एका चौकात येऊन मिळताना बघून मला फार बरं वाटलं. २०२१ मधे त्याचं शहरातलं काम वर्ल्ड हेरिटेज झालं. त्याची राष्ट्रीय ग्रंथालयाची बिल्डिंगसुद्धा चुकवू नका, बाहेरून विटा आणि दगड, दाराची मूठ घोड्याच्या डोक्याची, आत शिरल्यावर अंधारा जिना आणि दोन्ही बाजूंना ३२ काळसर दगडी खांब, वर चढत जाल तसा उजेड वाढत जातो. पुस्तकांकडे जाताना अंधारातून उजेडात यावं असा त्यामागचा विचार सांगतात. वाचनालयात टुरिस्टना हव्या त्या वेळी सोडत नाहीत, वेळा आधी बघून जा, जिना बघितला तरी चालेल.

तिहेरी पुलाच्या तोंडाशी जो चौक आहे तिथे प्रेशेरेन या कवीचा पुतळा आहे, १९०५ चा. याच्याच एका कवितेचं कडवं आज त्यांचं राष्ट्रगीत आहे आणि त्याचा मृत्यूदिन, ८ फेब्रुवारी, देशाची सुट्टी. एका कवीसाठी देश सुट्टी घेतो हे मला फार आवडलं. त्याचं युलिया नावाच्या श्रीमंत घरच्या मुलीवर प्रेम होतं, १८३३ मधे चर्चमधे बघितली आणि तेव्हापासून तिच्यासाठी लिहीत राहिला, तिने काही त्याला होकार दिला नाही, तिचं लग्न दुसरीकडे झालं. तर हा पुतळा चौकात उभा राहून समोरच्या वोल्फोवा रस्त्यावरच्या एका घराकडे बघतो, आणि त्या घराच्या भिंतीवर खिडकीतून डोकावणारी युलिया कोरलेली आहे. आम्ही पुतळ्यापाशी उभं राहून त्याच्या नजरेची रेघ धरत ती खिडकी शोधली, नवऱ्याला आधी सापडली. जोडप्यांनी बघायची जागा म्हणून व्हेरोनाच्या बाल्कनीपेक्षा मला ही शंभर पटीने खरी वाटली, कारण ही माणसं खरी होती आणि कुणी गोष्ट गोड करून सांगितलेली नाही.

थोडं पुढे मेसार्स्की म्हणजे खाटकांचा पूल, तिथे जोडप्यांनी कुलुपं लावलेली आहेत ढिगाने. आम्ही नाही लावलं. पॅरिसला अशाच कुलुपांच्या वजनाने २०१४ मधे पुलाच्या कठड्याचा एक भाग पडला होता आणि पुढच्या वर्षी सगळी काढावी लागली होती. प्रेमापोटी पुलावर भार कशाला टाकायचा. त्याच्याही पुढे ड्रॅगनचा पूल, १९०१ चा, चार कोपऱ्यांत चार मोठे हिरवे ड्रॅगन. १८९५ च्या भूकंपानंतर शहर नव्याने बांधताना झालेल्या कामांपैकी हा एक.

शुक्रवार सकाळ बाजारात गेली, आणि शुक्रवार मुद्दाम निवडला होता, कारण मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, पाऊस नसेल तर, दर शुक्रवारी बाजाराच्या चौकात ओद्पर्ता कुहना म्हणजे खुलं स्वयंपाकघर भरतं. शहरातली बरीच रेस्टॉरंट स्टॉल लावतात आणि समोर शिजवून देतात. मी शाकाहारी, नवरा सगळं खातो, व्हिएन्नात माझे हाल झाले होते पण इथे मजेत खाल्लं. श्त्रुकली म्हणजे पिठाची पातळ पोळी लाटून आत दह्याच्या चक्क्यासारखं ताजं चीज घालून गुंडाळी करून उकडतात, गोड पण मिळते, तिखटमीठाची पण, टॅरॅगॉन नावाच्या सुवासिक पाल्याची पण. आणि गिबानित्सा म्हणून एक थरांचा केक, खसखस, चीज, अक्रोड, सफरचंद असे एकावर एक, एवढा जड की एक तुकडा दोघांत पुरला. शाकाहारी लोकांनी विचारताना "मांस नको" एवढ्यावर थांबू नका, सूपचं पाणी आणि हॅमचे तुकडे पण विचारा, ते मांसात धरलेच जातील असं नाही. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम, चौकाचौकात पाण्याचे नळ आहेत.

किल्ल्यावर फ्युनिक्युलर म्हणजे दोराने ओढली जाणारी, चढावाच्या रुळांवरची गाडी जाते, मिनिटभरात वर. आम्ही वर तिच्यातून गेलो आणि झाडीतून चालत उतरलो. किल्ला स्वतः ठीकठाक, बराच नव्याने बांधलेला आहे, पण बुरुजावरून हवा स्वच्छ असेल तर आल्प्सची रांग दिसते, त्यासाठी जा.

शनिवारी ब्लेड, तळ्याकाठचं गाव. आता ब्लेडबद्दल खूप जण विचारतात की तिथेच राहावं का, म्हणून जरा सविस्तर. ल्युब्लियानाहून बसने साधारण सव्वा ते दीड तास, बस तळ्याजवळच सोडते. ट्रेन घेतलीत तर लेस्त्से-ब्लेड स्टेशन तळ्यापासून चार किलोमीटर लांब आहे, तिथून परत बस, म्हणून आम्ही बसच घेतली. पहिल्या बसने गेलो आणि ते शंभर टक्के बरोबर होतं, कारण अकरानंतर गर्दी वाढते. तळं दोन किलोमीटर लांब, मधे छोटं बेट, बेटावर चर्च, उभ्या कड्यावर पाण्यापासून जवळजवळ १३० मीटर वर किल्ला. तळ्याभोवती सपाट वाट आहे सहा किलोमीटरची, आरामात दीड-दोन तास. आम्ही निम्मं चाललो आणि पाऊस आला. छत्री एकच. मग एका झाडाखाली अर्धा तास उभे राहिलो, धुकं पाण्यावर उतरत होतं, बेट मधेच दिसायचं मधेच जायचं, कुणीच आसपास नव्हतं. फोटो एकही धड आला नाही पण ट्रिपमधला माझा सगळ्यात आवडता अर्धा तास तो.

पाऊस थांबल्यावर बेटावर गेलो, प्लेत्ना नावाच्या लाकडी होड्या असतात, नाविक मागे उभा राहून दोन वल्ह्यांनी एकटा वल्हवतो. तळ्यावर टुरिस्टांच्या मोटरबोटी नाहीत, त्यामुळे पाणी स्वच्छ आणि शांत. होडी भरेपर्यंत थांबावं लागतं आणि बेटावर तास नाही मिळत, अर्ध्या-पाऊण तासात परत बोलावतात, हे लक्षात ठेवा. धक्क्यापासून चर्चपर्यंत ९९ पायऱ्या. लग्न करायला आलेल्या नवऱ्याने नवरीला उचलून या पायऱ्या चढायच्या आणि तिने तोवर एक शब्द बोलायचा नाही अशी तिथली रीत आहे. माझे गुडघे दुखतात त्यामुळे मी हळूहळू चढले, नवरा प्रत्येक वळणावर थांबला. वर चर्चमधे १५३४ ची घंटा आहे, दोरी ओढून इच्छा मागायची. मी जी मागितली ती सांगणार नाही. खाली आल्यावर क्रेमश्निता खाल्ली, कस्टर्ड आणि क्रीमचा चौकोनी तुकडा, वर-खाली कुरकुरीत पापुद्रा, १९५३ पासून तिथल्या एका हॉटेलात करतात आणि तो सात सेंटीमीटरचाच कापायचा असा नियम. छान आहे, फार गोड नाही.

राहायचं कुठे, तर ब्लेडला फक्त राहायचं असेल तर संध्याकाळी करायला फारसं काही नाही, ल्युब्लियानाला राहून एक दिवस ब्लेडला जाणं दोघांसाठी जास्त बरं. पोस्तोयनाच्या गुहा पण लोक त्याच दिवसात बसवतात, कोच टूर असतात एका दिवसात दोन्ही देणाऱ्या. नवऱ्याला गुहा फार बघायच्या होत्या, आत छोटी ट्रेन जाते, २४ किलोमीटरची गुहा, अंधारात राहणारा फिकट गुलाबी प्राणी प्रोटेअस तिथे आहे. पण ब्लेड शहराच्या वायव्येला आणि पोस्तोयना नैऋत्येला, दोन्ही एका दिवसात म्हणजे दिवसभर बसमधे. तो म्हणाला, "असू दे, तळंच बघू, गुहा कुठे पळून जात नाहीत." त्याने हे माझ्यासाठी सोडलं ते मला माहितीये, म्हणून इथे लिहून ठेवते.

एक गोष्ट मला कुठल्याच ट्रॅव्हल गाईडमधे वाचायला मिळाली नव्हती. शेवटच्या संध्याकाळी ज्या कॅफेत बसलो तिथली वाढणारी मुलगी गप्पिष्ट होती, तिने सांगितलं की स्लोव्हेनियनमधे एकवचन आणि अनेकवचन याच्या मधे अजून एक असतं, फक्त दोघांसाठी. म्हणजे आपलं शाळेतलं संस्कृतचं द्विवचन, देवः देवौ देवाः, ते पाठ करताना मी रडले होते आणि इथे लोक ते रोज बाजारात बोलतात. तिघं किंवा जास्त असतील तर "आम्ही" ला म्हणतात "मी", आणि दोघंच असतील तर "मिद्वा". आपण दोघं. क्रियापदसुद्धा वेगळं. आपल्या "मी" चा तिथे अर्थ "आम्ही सगळे" होतो हे ऐकून आम्ही दोघं कितीतरी वेळ त्याच्यावरच बोलत बसलो. पुढचे सगळे दिवस कुणी विचारलं किती जण की नवरा आधी हळूच मला म्हणायचा, मिद्वा.

आता अर्धा मार्क का गेला. एक म्हणजे राहायची जागा. जुन्या भागात नदीच्या जवळ अपार्टमेंट घेतलं होतं, फोटो सुंदर, आणि प्रत्यक्षात चौथा मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि गोल. जाहिरातीत लिफ्ट नसल्याचं कुठेच लिहिलेलं नव्हतं, मालकाला मेसेज केला तर म्हणाला जुनी इमारत आहे, कुणालाही माहीत असतं. दोन मोठ्या बॅगा नवऱ्याने एकेक करून चढवल्या आणि माझ्या गुडघ्यांची वाट लागली. शिवाय सिटी टॅक्स माणशी दर रात्री वेगळा रोख मागितला, हा टॅक्स कायदेशीर आहे, पण बुकिंगच्या रकमेत तो धरलेला नव्हता. जुन्या भागात घेत असाल तर बुक करण्याआधी मेसेजमधे दोन प्रश्न विचारा, लिफ्ट आहे का आणि सिटी टॅक्स धरलाय का, आणि उत्तर जपून ठेवा.

दुसरं म्हणजे रविवार. स्लोव्हेनियात रविवारी दुकानं बंद असतात, तसा कायदाच आहे, फार थोडी उघडी. आम्हाला माहीत होतं म्हणून शनिवारी संध्याकाळी फळं, ब्रेड घेऊन ठेवलं, नसतं घेतलं तर रविवारच्या प्रवासात उपाशी.

तिसरं, तिथून व्हेनिसला जाणं. एवढी जवळची दोन शहरं, पण सोयीची ट्रेन नाही, त्रिएस्तेला बदलत जावं लागतं, म्हणून सगळे बसच घेतात, चार तासांच्या आसपास. शेंगेन असलं तरी इटलीने ऑक्टोबर २०२३ पासून या बॉर्डरवर तपासणी परत सुरू केली आहे, आमच्या बसमधे पोलीस चढले आणि सगळ्यांचे पासपोर्ट बघितले, तेव्हा पासपोर्ट बसच्या पोटात ठेवायच्या मोठ्या बॅगेत टाकू नका, हाताशी ठेवा. बस बुक करताना ती मेस्त्रेला (व्हेनिसचा मुख्य भूमीवरचा भाग) सोडते का त्रोंकेत्तोला (जुन्या व्हेनिसच्या कडेचं बेट) ते बघून घ्या, तुमचं हॉटेल कुठे आहे त्यावरून ठरवा. आणि व्हेनिसला मुक्काम असेल तरी ज्या दिवसांना प्रवेश शुल्क लागू असतं त्या दिवशी राहणाऱ्यांनी पैसे भरायचे नसतात पण सूट मिळाल्याची नोंद ऑनलाईन करावी लागते, क्यूआर कोड मिळतो, तो मोबाईलमधे ठेवा.

हे शहर कुणी घेऊ नये तेही सांगते. ज्यांना मोठी म्युझियमं हवीत, ब्रँडेड शॉपिंग हवंय, रात्री दोनपर्यंत जागणारं शहर हवंय त्यांना तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल. ज्यांची सगळी ट्रिपच सहा-सात दिवसांची आहे त्यांनी मधलं शहर घालूच नये, कुठलंही, दोन शहरं नीट बघावी. हिवाळ्यात तिथे धुकं दिवसदिवस बसून राहतं, नदीकाठी बसायची मजा जाते, आम्ही मे महिन्यात गेलो होतो ते छान होतं, फक्त पाऊस केव्हाही येतो, दोघांना दोन छत्र्या घ्या.

परत गेलो तर एक बदल करणार. ब्लेडच्या पुढे बसने पाऊण तासावर बोहिन म्हणून अजून एक तळं आहे, ब्लेडपेक्षा मोठं, आणि डोंगरांच्या जास्त आत, तिथे आम्ही पोचलोच नाही. होडीवाला म्हणाला होता की ब्लेड पाहुण्यांसाठी आणि बोहिन आमच्यासाठी. पुढच्या वेळी दोन रात्री तिथे, आणि परत येताना पोस्तोयना, नवऱ्याच्या गुहा. नकाशा परत उघडलाय, कागद पण घेतलाय, तास मोजतोय.